नवा माग आणि जुना कारागीर

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या आपल्या यंत्रमागाच्या गावांत गेल्या काही वर्षांपासून एक मोठी अदलाबदल चालू आहे. धोट्याचे साधे माग निघत आहेत आणि त्यांच्या जागी रेपिअर, एअरजेट असे बिनधोट्याचे माग येत आहेत. केंद्र सरकारने १९९९ साली तंत्रज्ञान सुधारणा निधीची योजना आणली. त्या सवलतीचा लाभ घेऊन अनेकांनी नवे माग बसवले. पुढे २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी असे तीन धक्के पाठोपाठ बसले. तेव्हा कित्येक छोट्या कारखानदारांनी साधे माग भंगाराच्या भावाने विकून टाकले. जे तगले त्यांच्यापैकी अनेकजण आज नव्या मागाचा विचार करीत आहेत.

नवा माग घेण्यापूर्वी आपला कारखानदार सगळा हिशेब मांडतो. बँकेचा हप्ता किती, विजेचे बिल किती येईल, कोणत्या जातीचे कापड काढायचे, ते घेणारा व्यापारी कोण, सुताचा भाव चढला तर काय करायचे. हे सर्व तो रात्र रात्र जागून करतो. परंतु या हिशेबात एक रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहतो. जो माणूस पंधरा-वीस वर्षे जुन्या मागावर उभा आहे, त्याच्या मनाचे काय होणार आणि त्या मनाचा परिणाम कापडावर काय होणार, हा तो रकाना होय.

माझा धंदा कापडाचा. कारखानदाराकडून ग्रे कापड घ्यावे, प्रोसेस करून घ्यावे आणि पुढे द्यावे, हे काम मी तीस वर्षे करीत आहे. मागावर मी कधी उभा राहिलो नाही. पण मागावर उभ्या असलेल्या माणसाचे मन थाऱ्यावर आहे की नाही, हे ताग्याची तपासणी करताना व्यापाऱ्याला कळते. नवे माग बसल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत काही कारखान्यांचा माल सुधारतो आणि काहींचा बिघडतो. मशीन एकाच कंपनीचे, सूत एकाच दर्जाचे, तरी हा फरक पडतो. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहावेसे वाटले.

कारागिराचे काय जाते?

साध्या मागाच्या कारागिराकडे चार, सहा, कुठे कुठे आठ माग असतात. कांडी संपत आली की ती बदलायची, ताण्याची तार तुटली की जोडायची, आणि हे सर्व एका मागावर करीत असताना बाकीच्यांवर नजर ठेवायची. तार तुटली तरी साधा माग आपणहून थांबत नाही, तो खराब कापड विणतच राहतो. म्हणून कारागिराची नजर सतत फिरती असावी लागते. मुरलेला कारागीर तर पाठ करून उभा असला तरी आवाजावरून ओळखतो की कोणत्या मागाचा धोटा अडखळतो आहे. ही नजर आणि हा कान तयार होण्यास दहा-दहा वर्षे जातात. मोहल्ल्यात त्याला उस्ताद म्हणतात ते यामुळेच.

नव्या मागावर तार तुटली की पिन खाली पडते, माग थांबतो आणि दिवा लागतो. धोटा नाही, कांडी नाही. बाण्याचे सूत सरळ कोनवरून जाते. साध्या मागाचा वेग मिनिटाला १०० ते १५० पिकांचा, रेपिअरचा ३०० च्या वर आणि एअरजेटचा ६०० च्याही वर. जी नजर उस्तादाची इज्जत होती ती आता यंत्राने घेतली. वीस वर्षांचा कारागीर आणि सहा महिन्यांपूर्वी आलेला पोरगा एका रांगेत उभे राहतात. पोरगा बटणे आणि पडदा लवकर शिकतो, आणि मग उस्तादाला त्याला विचारावे लागते, ‘‘बेटा, हे कसे करायचे?’’ हा प्रश्न विचारताना त्याच्या मनाला काय वाटत असेल याची कल्पना आपण करावी.

दुसरी गोष्ट मजुरीची. जुन्या मागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी असे. आठवडा संपण्यापूर्वीच कारागिराला ठाऊक असे की हातात किती पडणार. घरात लग्न असेल तर तो जादा पाळी करून वर दोन पैसे काढी. नव्या मागावर बऱ्याच ठिकाणी पाळीप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे पगार आहे. रक्कम कमी नसेलही, पण ती वाढवण्याची किल्ली त्याच्या हातून गेली.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि ती गोड बोलून झाकता येत नाही. चोवीस साधे माग काढून आठ रेपिअर बसवले तर कापड साधारण तेवढेच निघते. पण जिथे पाळीला चार कारागीर लागत तिथे एक किंवा दोन पुरतात. आणि कांडी भरणाऱ्याचे काम तर संपूर्ण संपते. आपल्या वस्त्यांत हे काम पुष्कळ ठिकाणी बायका करतात. कारखान्याच्या बैठकीत त्यांना कोणी बोलावत नाही. काम बंद झाल्याची बातमी त्यांना त्याच दिवशी कळते, ज्या दिवशी सूत येत नाही.

गप्प बसणे म्हणजे मान्यता नव्हे

एवढे सर्व होत असताना कारागीर काय बोलतो? बहुधा काहीच बोलत नाही. त्याची कारणे उघड आहेत. त्याने मालकाकडून उचल घेतलेली असते. मालक त्याच मोहल्ल्यातला, कधी नात्यातलाही असतो. लग्न-मौतीला एकमेकांच्या घरी जाणे-येणे असते. मालकाच्या वडिलांनी आपल्या वडिलांना काम दिले होते, हेही तो विसरलेला नसतो. तेव्हा तोंड उघडायचे कसे?

मग तो आपल्या मनाला आपल्या पद्धतीने आवरतो. कोणी चहाच्या टपरीवर नव्या मशीनची थट्टा करतो. कोणी खाडे वाढवतो. कोणी घरी जाऊन पोरांवर खेकसतो. कोणी कामावर येतो, हात चालवतो, पण मन काढून घेतो. दिवा लागला तर उठेन, नाही तर नाही, असा त्याचा हिशेब असतो. फार थोडे असे निघतात जे मालकापुढे उभे राहून विचारतात की, ‘‘सेठ, माझे पुढे काय?’’ माझ्या मते हे थोडेच लोक कारखान्याचे खरे खैरख्वाह आहेत. परंतु आपल्याकडे त्यांनाच तोंडाळ म्हणतात.

मालकाला गप्प कारागीर बरा वाटतो. तो म्हणतो, ‘‘माझ्याकडे काही कटकट नाही, सर्वांनी मान्य केले.’’ हा मोठा गैरसमज आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी या विषयावर पुष्कळ काम केले आहे. रॉबर्ट लेव्हन्सन यांच्यासोबत त्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना किळस यावी अशी फिल्म दाखवली आणि काहींना सांगितले की मनातले चेहऱ्यावर दिसू देऊ नका. त्या लोकांनी चेहरा आवरला, पण मनातील किळस कमी झाली नाही, आणि शरीरावरचा ताण काही बाबतींत वाढला. पुढे २००० साली ग्रॉस आणि जेन रिचर्ड्स यांनी दाखवले की, भावना दाबून ठेवण्यात गुंतलेल्या माणसाला त्या वेळी पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टी कमी आठवतात.

हे प्रयोग कारखान्यातले नव्हेत. तरी आपल्या कामाची एक गोष्ट त्यांतून निघते. नव्या मागाचे शिक्षण ज्या आठवड्यांत चालते, त्याच आठवड्यांत कारागीर राग आणि भीती दाबून उभा असतो. फिटर समोर सांगत असतो आणि त्याचे अर्धे बळ चेहरा सरळ ठेवण्यात खर्च होत असते. नंतर आपण म्हणतो, ‘‘याच्या डोक्यात काही शिरतच नाही.’’

आपल्याकडे अशा वेळी कारागिराला सब्र करण्यास सांगतात. सब्र ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण भीतीने तोंड बंद ठेवणे आणि सब्र करणे यांत फरक आहे. ज्याला पुढे काय होणार हे माहीत आहे तो सब्र करू शकतो. ज्याला काहीच सांगितलेले नाही तो सब्र कशावर करणार? तो फक्त घुसमटतो.

अहमदाबादचा धडा

आता एक जुनी पण आपल्याच धंद्यातील हकीकत सांगतो. अहमदाबादच्या कॅलिको मिलने आपल्या जुबिली मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसवले. माग चांगले होते, कामाची मोजणी घड्याळ लावून केली होती, माणसे किती लागतात याचा हिशेबही शास्त्रीय पद्धतीने काढला होता. तरी ना उत्पादन अपेक्षेप्रमाणे आले, ना कापड. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ साली तिथे आले आणि त्यांनी खाते नीट पाहिले.

खात्यात २२४ माग होते, २९ माणसे होती आणि कामाचे १२ प्रकार होते. विणकराच्या वाट्याला २४ किंवा ३२ माग, बॅटरी भरणाऱ्याच्या वाट्याला ४० किंवा ५०, जॉबरकडे ११२. म्हणजे कोणाचाच हिस्सा कोणाच्या हिश्शाशी जुळत नव्हता. एका विणकराला कधी या भरणाऱ्याकडे तर कधी त्या भरणाऱ्याकडे बघावे लागे. कोण कोणाचा साथी हेच ठरलेले नव्हते. जुन्या खात्यात माणसांची जी टोळी होती ती नव्या यंत्राने मोडली आणि तिच्या जागी काही उभे राहिले नाही.

राइस यांनी सुचवले की छोटे गट करावेत आणि प्रत्येक गटाकडे ठरावीक माग पूर्णपणे सोपवावेत. ही गोष्ट कानावर पडताच कामगारांनी ती उचलून धरली आणि आपले गट आपणच बनवले. कोण कोणाबरोबर काम करील हे वरून ठरवून द्यावे लागले नाही. परिणाम असा झाला की खात्याची कार्यक्षमता सरासरी ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि खराब कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. माग तेच होते. बदलली ती फक्त माणसांची मांडणी, आणि त्या मांडणीत माणसांचा शब्द होता.

ज्या कारखानदाराला वाटते की मशीन चांगली घेतली की झाले, त्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

पायजम्याच्या कारखान्यातील गोष्ट

कोणी म्हणेल की अहमदाबादच्या कामगारांना नवी मांडणी सोयीची होती म्हणून काम वाढले, त्यात मनाचा काय संबंध? याचे उत्तर अमेरिकेतील एका तयार कपड्यांच्या कारखान्यात मिळते. व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामगार बहुतेक स्त्रिया होत्या आणि मजुरी नगावर होती. तिथे कामाची पद्धत बदलली की नेहमी गडबड होई. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तिथला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला.

त्यांना आधी एक विचित्र गोष्ट आढळली. काम बदललेल्या अनुभवी कामगारांपैकी फक्त ३८ टक्के पुन्हा ठरलेल्या वेगाला पोहोचत. बाकीच्या कायमच्या मागे राहत किंवा काम सोडून जात. आणि नव्याने आलेल्या मुलीला काम शिकण्यास जेवढा वेळ लागे, त्याहून अधिक वेळ अनुभवी बाईला बदललेले काम शिकण्यास लागे. अभ्यास करणाऱ्यांनी तपासून पाहिले की हात विसरला आहे काय? हात विसरला नव्हता. मन उठले होते.

मग त्यांनी तुलना केली. एका गटाला, ज्यात इस्त्रीवाल्या होत्या, नेहमीप्रमाणे बोलावून बदल सांगितला. बदल लहानसा होता: पूर्वी पायजम्यांचे अर्ध्या डझनाचे गठ्ठे सपाट पुठ्ठ्यावर ठेवत, आता ते डब्यात ठेवायचे. नवा दरही सांगितला. दुसऱ्या गटात कामगारांचे प्रतिनिधी निवडून त्यांना नवी पद्धत ठरवण्यात घेतले. आणखी दोन छोट्या गटांत सर्वच कामगारांना त्यात घेतले. या गटांना बदलाची गरज कशी पटवली तेही ऐकण्यासारखे आहे. त्यांच्यापुढे एकसारखे दिसणारे दोन कपडे ठेवले. एक १९४६ साली विकलेला, दुसरा १९४७ चा, आणि पहिल्याला दुसऱ्याच्या दुप्पट किंमत मिळाली होती. स्वस्त कोणता ते ओळखा, असे सांगितले. कोणालाही ओळखता आले नाही. बाजार कसा पडला आहे हे त्या बायांना भाषणावाचून समजले.

पहिल्या गटाचे उत्पादन खाली आले आणि वर चढलेच नाही. तक्रारी झाल्या आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. प्रतिनिधींचा गट सुमारे दोन आठवड्यांत पूर्वपदावर आला. सर्वांना सहभागी केलेले गट त्याहून लवकर सावरले आणि पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले. त्यांतून कोणी सोडून गेले नाही. पुढे अडीच महिन्यांनी त्या पहिल्या गटातील उरलेल्या बायांना एका नव्या कामावर घेतले आणि या वेळी सर्वांचा मशवरा घेतला. त्याच बाया होत्या, पण या वेळी त्या चटकन सावरल्या. म्हणजे दोष स्वभावात नव्हता, वागवण्यात होता.

विचारण्याचे नाटक नको

मात्र येथे सावध करणे जरूर आहे. नॉर्वेमधील एका पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग करून त्याचा अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला, त्यात उत्पादनात विशेष फरक पडला नाही. ज्या गोष्टींत कामगारांना बोलू दिले त्यांचा उत्पादनाशी जवळचा संबंध नव्हता, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. माणूस भोळा नसतो. चहा पाजून, पंखा कुठे लावायचा एवढेच विचारले आणि मजुरी, पाळी, माणसांची संख्या आधीच ठरवून ठेवली, तर कारागिराला ते कळते. तेव्हा न विचारलेले बरे होते असे वाटण्याइतका तो दुखावतो.

म्हणून कारखानदाराने प्रथम स्वतःशी नक्की करावे की कोणती गोष्ट ठरलेली आहे आणि कोणती मोकळी आहे. माग येणार हे ठरले असेल तर तसे स्पष्ट सांगावे. कोणी कोणत्या पाळीत काम करायचे, कोणी कोणाबरोबर, आधी कोण शिकणार, पहिल्या महिन्यांत मजुरी कशी मोजायची, या गोष्टी मोकळ्या असतील तर त्या खरोखर मोकळ्या ठेवाव्यात.

आपल्याकडील अडचणी

आमचे कारखानदार बंधू म्हणतील, हे मोठ्या मिलचे शहाणपण आहे. आमचा बारा-चोवीस मागांचा कारखाना. मालक स्वतः मुकादम, स्वतः फिटर. आधी सांगितले तर कारागीर दुसरीकडे जाईल आणि उचल बुडेल.

ही अडचण खोटी नाही. पण हारवुडमध्ये सोडून गेले कोण? ज्यांना ठरल्यावर सांगितले ते गेले, ज्यांना ठरवण्यात घेतले ते राहिले. आणि लपवून ठेवले तरी बातमी लपत नाही. पाया खोदताना मोहल्ला बघत असतो. आपण सांगितले नाही तर टपरी सांगते, आणि टपरी नेहमी वाढवूनच सांगते. दहा माणसांची गरज असेल तर ती म्हणते पाच उरणार. मग जो चांगला कारागीर आहे, ज्याला दुसरीकडे काम मिळू शकते, तोच आधी निघून जातो.

दुसरी गोष्ट, छोट्या कारखान्यात हे काम उलट सोपे आहे. दहा माणसांना जुम्म्याच्या नमाजनंतर तासभर बसवणे कठीण नाही. मोठ्या मिलला त्यासाठी विलायतेहून माणूस आणावा लागला.

येथे मालकाच्या मनाबद्दलही बोलले पाहिजे. त्यालाही भीती असते. घर गहाण असते, हप्ता सुरू झालेला असतो, माग अजून चालत नसतो. तो ही भीती कोणाला सांगत नाही आणि ती आवाज चढवून बाहेर पडते. कारागिराला वाटते सेठ मग्रूर झाला. तेव्हा मालकाने बाजाराचा खरा हिशेब कारागिरांपुढे ठेवला तर त्याचेही ओझे हलके होते. हप्त्याचा आकडा सांगण्यात कमीपणा नाही.

काय करता येईल?

कारखानदार बंधूंना माझ्या सूचना अशा.

माग दारात आल्यावर सांगू नका. माग घ्यायचे ठरत असतानाच सांगा.

शिकण्याच्या काळातील पगार बांधून द्या. मागील तीन महिन्यांची सरासरी काढा आणि नवा हात बसेपर्यंत तेवढी रक्कम नक्की मिळेल असे म्हणा. ज्याला घरी काय न्यायचे याची काळजी नाही त्याचे डोके शिकण्यास मोकळे राहते.

उस्तादाला पोरांच्या समोर चुका दाखवू नका. त्याला आधी, वेगळे शिकवा. आणि त्याची विद्या वाया गेली असे समजू नका. सुताला बळ आहे की नाही, सायझिंग बरोबर झाले की नाही, हवा कोरडी झाल्यामुळे तारा तुटत आहेत काय, हे मशीन सांगत नाही. ते उस्ताद सांगतो. मागाचा वेग वाढला की खराब सुताचे नुकसानही वाढते, म्हणून त्याच्या या जाणकारीची किंमत नव्या मागावर जास्त आहे. हे त्याला सर्वांच्या देखत सांगा.

ज्यांना ठेवता येणार नाही त्यांना दोन-तीन महिने आधी सांगा, हिशेब चुकता करा, उचलीसाठी गळा धरू नका, आणि दुसऱ्या कारखान्यात शब्द टाका. कांडी भरणाऱ्या बायांनाही बोलवा. कापडाची तपासणी, तारा काढणे, घडी करणे अशी कामे नव्या कारखान्यातही असतात. त्यांपैकी जी देता येतील त्यांवर त्यांचा हक्क पहिला समजावा.

कारागीर बंधूंनाही सांगणे आहे. मनातली भीती टपरीवर न सांगता, जो उत्तर देऊ शकतो त्याला सांगा. एकट्याला धीर होत नसेल तर तिघे-चौघे मिळून, अदबीने, पण स्पष्ट विचारा: किती माणसे राहणार, मजुरी कशी मिळणार, शिकण्यास किती दिवस. राग आला म्हणून कापड बिघडवू नका. त्या कापडावर तुमचीच मजुरी आहे. पोराकडून शिकण्यात शरम मानू नका. त्याला बटण येते, पण सूत येत नाही. दोघांनी जोडी केली तर दोघांचे भले होईल. आणि काम जाणारच असेल तर घरी लपवू नका. घरच्यांना आधी कळले तर तेही हात लावतात.

शेवटी आम्हा व्यापाऱ्यांची पाळी. कारखाना बदलत असतो त्या काळातही आमची मुदत एक दिवस हलत नाही, आणि पहिल्याच ताग्यात फॉल्ट निघाला की आम्ही कपात करतो. ही कपात मालकाच्या खिशातून सुरू होते आणि कारागिराच्या पाकिटात जाऊन थांबते. ज्या कारखान्याने नवे माग बसवले त्याला पहिले दोन-तीन महिने मुदतीत सवलत द्यावी, माल तपासून कोणती खराबी कुठे निघाली हे लिहून कळवावे, आणि कपात शक्य तितकी नरम ठेवावी. पुढे वर्षानुवर्षे चांगला माल हवा असेल तर एवढे आपणही सोसले पाहिजे.

आपले पूर्वज हातमागावरून यंत्रमागावर आले तेव्हाही अशीच उलथापालथ झाली होती. त्यातून आपल्या गावांना रोजी मिळाली हे खरे. त्यात किती उस्ताद कारागीर मुकाट्याने बाजूला पडले याची नोंद कोणी ठेवली नाही हेही खरे. या वेळी ती माणसे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पुढच्या जुम्म्याला कारखाना बंद असेल तेव्हा त्यांना बसवून घ्यावे आणि नव्या मागाची गोष्ट त्यांच्या कानी स्वतः घालावी, एवढीच कारखानदार बंधूंना विनंती.